वरच्या थरातली कवचं

बेंगळुरूला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी हवेबद्दल विचारतात. हवा छान होती. जानेवारीतल्या सकाळी स्वेटर लागत होता आणि दुपारी पंखा लागत नव्हता. मग रहदारीबद्दल विचारतात. तीही होती. तू कशासाठी गेला होतास, हे मात्र कुणी विचारत नाही. न विचारता सांगायची मला सवय नाही, म्हणून लिहितोय.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी प्रयोगशाळा सहायक आहे. समुद्राच्या तळाचा गाळ धुणं हे माझं काम. जहाजावरून तळात लांब नळी खुपसतात, तिच्यात गाळ जसाच्या तसा भरून येतो. वरचा थर नवा, खालचा जुना. त्याचे तुकडे आमच्याकडे येतात. ते भिजवायचे आणि बारीक जाळीच्या चाळणीवर पाण्याच्या धारेखाली धुवायचे. चिखल निघून जातो आणि चाळणीत खसखशीसारखं काहीतरी उरतं. ती कवचं असतात. एकाच पेशीच्या जिवांनी चुन्याची बांधलेली घरं. नाव लांबलचक आहे, फोरॅमिनिफेरा. आम्ही फोरॅम म्हणतो. काही पाण्यात तरंगत जगतात, काही तळावर. मेल्यावर सगळ्यांचीच कवचं तळाशी साचतात. त्या वेळी पाणी किती गरम होतं, किती आंबट होतं, कोण जगलं आणि कोण संपलं, हे त्या कवचांवरून कळतं. बोटभर थर साचायला हजारो वर्षं लागतात.

एक नमुना धुऊन झाला की दुसरा घेण्याआधी चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची, असा नियम आहे. कितीही धुतली तरी जाळीत एखादं कवच अडकून राहतंच. ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळा दाणा दिसला की ओळखायचं, हा मागच्या घरचा, आणि बाजूला काढायचा. बस, इतकंच.

त्या रंगानं बोटंही निळी होतात आणि चार-चार दिवस तशीच राहतात. माझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी चाळणी रंगात बुडवली नाही. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या मामांनी माझे हात बघून विचारलं होतं, "जावईबापू कुठल्या रंगकामाच्या कंत्राटावर असतात का?" सगळे हसले होते, मीही हसलो होतो. अंगठी घालताना फोटो काढणार होते. त्या दिवसाचे नमुने मी नुसत्या पाण्यानं धुतले. नीट धुतले, असं स्वतःला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात अक्कांनी विचारलं, "मोहन, त्या दिवशी चाळणी निळी केली होतीस ना?"

मी म्हणालो, "हो."

या एका "हो"ला पंचवीस वर्षं उलटून गेली. बेंगळुरूला गेलो होतो ते तो परत घ्यायला.

राजाजीनगर

अक्का म्हणजे वसुधा, ज्यांच्या हाताखाली मी गाळ धुवायचो त्या शास्त्रज्ञ. संस्थेत बाकीचे त्यांना मॅडम म्हणत. मला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आमच्याकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. तूही तेच म्हण." त्या मूळच्या बेंगळुरूच्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेच्या मागोमाग आलेली मराठी माणसं, कापड रंगवण्याचा धंदा. आई आजारी पडली म्हणून त्या नोकरी सोडून तिकडे परतल्या, आणि आई गेल्यावरही राहिल्या. एका कॉलेजात शिकवलं, निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. राजाजीनगरच्या घरी त्यांच्यासोबत भाचा आणि भाचेसून राहतात. भाचा कामानिमित्त परदेशात होता. भाचेसून प्राजक्ता पुण्याची, महादेवपुऱ्यात एका कंपनीत इंजिनियर. मला बोलावणं तिनंच केलं होतं.

"काका, संडेला आमच्या मराठी ग्रुपनं अक्कांचा टॉक ठेवलाय. तुम्ही यायलाच हवं. अक्का प्रत्येक टॉकमध्ये तुमचं नाव घेतात."

फोन ठेवल्यावर मी सुनंदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती मेथी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा अक्का रस्त्यावरच उभ्या होत्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "स्वल्प मुंदे," म्हणजे थोडं पुढे, आणि मला म्हणाल्या, "उतरू नको, दारापर्यंत येऊ दे की. किती वाळलास रे!" केस सगळे पांढरे झाले होते. आवाज तोच.

अंगणात वर्तमानपत्रावर भिजवलेल्या अवरेकाळूंचा, म्हणजे तिथल्या वालांचा, ढीग होता. आपल्याकडे वाल भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्यांची उसळ करतात. तिथे त्या दिवसांत घराघरांत अवरे. भिजलेला दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, आतली डाळ टुणकन उडते आणि साल बोटात राहतं. आम्ही तिघं ढिगाभोवती बसलो. पहिल्या चार-पाच डाळी मी थेट तुळशीत उडवल्या.

"हळू रे! कवचं कशी उचलायचास, तसं," अक्का म्हणाल्या. "ह्याचा हात बघायला हवा होतास प्राजक्ता. तीन केसांचा ब्रश, ओला करून, खसखशीतनं एक-एक दाणा. श्वासानंसुद्धा उडतो तो. ह्याचा कधी उडाला नाही."

"आणि तुमचे ते पाच सर्व्हायव्हर्स काकांनीच पिक केले ना?"

"धुतले ह्यानंच. उचलले मी. पण ह्याचं धुणं स्वच्छ, म्हणून तर छातीठोक सांगू शकले. आमच्या आजोबांचं तसंच होतं. नखं निळी, कायमची. लग्नाच्या पंगतीत त्याच हातानं वाढायचे. कुणी विचारलं की सांगायचे, रंग हाताला लागला नाही तर कापडाला कसा लागंल?"

माझ्या बोटातला दाणा फुटून त्याचं पीठ झालं. वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "अक्का, मला स्वल्प बोलायचं होतं."

दोघी इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारीण गच्चीवरून डोकावली. "येऊन तास झाला नाही तर कानडी आली ह्याला!" अक्का म्हणाल्या. तिथल्यासारखं बोलून बघावं म्हणून तो शब्द वापरला होता. हसणं ओसरेपर्यंत वेळ निघून गेली, आणि ती गेली याचं मला बरंच वाटलं. तेही लिहून टाकतो.

दुपारी अवऱ्यांचं सार आणि नाचणीचा मुद्दे. म्हणजे वाफाळता, तपकिरी, मुठीएवढा गोळा. मी भाकरीसारखा चावायला गेलो तर जबडा चिकटून बसला. प्राजक्ता म्हणाली, "काका, माझं पण सेम झालेलं. चावायचं नाही, डायरेक्ट गिळायचं."

"त्याला जमंल," अक्का म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. सार तिखट होतं, सुंदर होतं, आणि मी दोनदा घेतलं.

लालबाग

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मला लालबागेतल्या खडकावर घेऊन गेल्या. बागेच्या मधोमध एक उघडाबोडका दगडी डोंगर आहे, हत्तीच्या पाठीसारखा. त्यावर लोक फिरायला येतात, कुत्री उन्हाला झोपतात, एक आजोबा हात वर करून सूर्याकडे बघत जोरजोरात हसत होते. तो तिथला व्यायाम आहे म्हणे.

"हा दगड तीनशे कोटी वर्षांचा," अक्का पायातली चप्पल काढत म्हणाल्या. "ह्यात शिंपला शोधू नको. हा झाला तेव्हा शिंपला करणारा कुणी जन्मलाच नव्हता. मी ह्याच्यावर वाढले आणि आयुष्य घातलं समुद्रात. बघ की गंमत."

त्यांनी ज्यात आयुष्य घातलं ते असं. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी समुद्र तापला. हवेत कार्बन वाढला, पाणी गरम आणि आंबट झालं. गाळात ते नुसत्या डोळ्यांना दिसतं: खाली खडूसारखा पांढरा थर, मग एकदम तांबूस मातीचा पट्टा, वर पुन्हा हळूहळू पांढरं. तांबूस पट्ट्यात कवचं जवळजवळ नाहीतच, कारण चुना विरघळला. तळावर राहणाऱ्या फोरॅमच्या कितीतरी जाती त्या पट्ट्याखाली आहेत आणि वर नाहीत. संपल्या. पण आम्ही धुतलेल्या गाळात, पट्ट्याच्या वरच्या एका नमुन्यात, अक्कांना अशाच एका संपलेल्या जातीची पाच कवचं सापडली. म्हणजे कुठेतरी, एखाद्या खोलगट जागी, ती जात टिकली होती. त्यावर त्यांनी लिहिलं. फार गाजावाजा झाला नाही, पण कुणी खोडूनही काढलं नाही. निवृत्तीनंतर त्या शाळांतून, वाचनालयांतून हेच सांगत फिरत. प्रवाळ पांढरे पडत चाललेत, मासे कमी झालेत, अशा बातम्यांनी घाबरलेल्या लोकांना सांगत: बघा, पाच वाचले होते.

बागेबाहेरच्या एका दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, अक्कांनी हाक दिली, "बाय-टू कॉफी!" एक कॉफी दोघांत. स्टीलचे दोन छोटे पेले अर्धे-अर्धे भरून येतात आणि कुणी तुम्हाला चिक्कू समजत नाही. पुण्यात असा अर्धा कप मागितला तर मालक बिल देताना वर बघणार नाही. संस्थेच्या कँटीनमध्येही अक्का कपातली कॉफी बशीत ओतून मला द्यायच्या. तेव्हापासूनचं आमचं हे.

"तुम्हाला कधी शंका आली नाही का अक्का? पाचांबद्दल?"

"आली की. पहिल्याच दिवशी आली. म्हणून तर तुला विचारलं." त्यांनी कॉफी संपवली. "मी काय आशा-बिशावाली बाई नाही रे. आई जायला टेकली तेव्हा डॉक्टर म्हणाले आशा ठेवा, मी म्हटलं आकडे सांगा. मी मोजणारी. पण मोजून पाच आले, त्याला काय करणार? शून्य आले असते तर शून्य सांगितलं असतं."

माझ्या पेल्यातली कॉफी गार झाली. मी ती तशीच प्यायलो.

महादेवपुरा

शनिवारी प्राजक्ता आम्हाला तिच्या ऑफिसातला टॉकचा हॉल दाखवायला घेऊन गेली. महादेवपुरा म्हणजे शहराची दुसरीच जात. काचेच्या इमारती, त्यांच्या मधे उरलेल्या एखाद्या गावाचं देऊळ, आणि बसस्टॉपवर मराठी, हिंदी, तेलुगू सगळं ऐकू येतं. राजाजीनगरात अक्का भाजीवालीशी बोलायच्या ते मला निम्मं कळत नव्हतं. इथे पहिल्याच माणसानं विचारलं, "काका, पुण्याचे का? कोथरूड?"

इमारतीच्या खालच्या मजल्यावर बदामी, गुळगुळीत फरशी होती. अक्का आत शिरल्या आणि वेड्यावाकड्या चालायला लागल्या. दोन पावलं सरळ, मग डावीकडे वळसा, मग लांब टांग. दारावरचा रखवालदार टक लावून बघत होता.

"बघ," त्यांनी बोट दाखवलं. फरशीत ताटलीएवढी चक्रं होती, आत वळत गेलेली. "हा परदेशातला चुनखडीचा दगड. समुद्राचा तळच आहे, कापून पॉलिश केलेला. हे शंखवाले प्राणी डायनासोरांबरोबर गेले. कुणाचं तरी घर आहे हे. पाय नको देऊ."

"आमच्या ऑफिसात आता दहा-बारा जण असेच चालतात," प्राजक्ता म्हणाली. "नवीन माणसाला वाटतं, फरशी ओली आहे."

मीही वळसे घालत गेलो.

हॉलमध्ये टेबलावर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. प्राजक्तानं कापड उचललं. कुकरएवढं, पांढरंशुभ्र, गोगलगायीसारखं वळलेलं, अंगावर बारीक छिद्रांच्या रांगा. पाचांतलं एक, ऑफिसच्या थ्रीडी प्रिंटरवर मोठं करून बनवलेलं. इतक्या वर्षांत सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा मी त्याच्याकडे नीट बघू शकलो नव्हतो. खाली पट्टी होती, कन्नड, इंग्रजी आणि मराठीत. मराठीत लिहिलं होतं: हे वाचले.

"टॉकनंतर हे खाली रिसेप्शनपाशी ठेवणार आहेत. कायमचं," प्राजक्ता म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, मागच्या वर्षी मला त्या क्लायमेटच्या न्यूज वाचून पॅनिक व्हायचं. खरंच. झोपच यायची नाही. मूल होऊ द्यायचं की नाही इथपर्यंत. तेव्हा अक्कांनी ही स्टोरी सांगितली. अजूनही कधी कधी डोळे मिटून ते पाच मोजते."

अक्का मॉडेलवरून हात फिरवत होत्या.

मी म्हणालो, "अक्का, त्या पाच कवचांची स्लाइड तुमच्याकडेच आहे ना? मला बघायची आहे. आज."

येलहंका

स्लाइड येलहंक्यात होती, त्या शिकवत होत्या त्या कॉलेजच्या मागच्या खोलीत. कॉलेजनं ती खोली त्यांच्याकडेच राहू दिली होती. प्राजक्ता हॉलच्या तयारीसाठी मागे राहिली. महादेवपुऱ्याहून तिथे जायला गाडीत इतका वेळ गेला की अक्का झोपल्या. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हललो नाही.

खोलीत दोन सूक्ष्मदर्शक, खिडकीत एक कोरफड. जवळच हवाई दलाचा तळ असल्यामुळे विमानं सारखी डोक्यावरून जात. अक्कांनी स्लाइड लावली. काळ्या चौकटींच्या कागदावर डिंकानं चिकटवलेली पाच कवचं. मी डोळा लावला नाही. उभ्यानंच म्हणालो, "त्या दिवशी मी चाळणी निळी केली नव्हती."

त्याच क्षणी विमान गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. मी माझं बोलून मोकळा झालो होतो.

"काय म्हणालास?" अक्कांनी कानामागे हात धरला.

ते वाक्य त्यांच्यासमोर पहिल्यांदा म्हणायला मला पंचवीस वर्षं लागली होती. दुसऱ्यांदा लगेच म्हणावं लागलं.

त्या ओरडल्या नाहीत. नमुन्यांबद्दल विचारावं तसं विचारत गेल्या. "कुठला नमुना?"

"त्या दिवसाचे सगळेच."

"खालून वर धुतलेस?"

"हो. नेहमीसारखं."

"म्हणजे पट्ट्याखालचा आधी, वरचा त्याच्यामागून. त्याच चाळणीवर."

"हो."

"का?"

"साखरपुडा होता. बोटं निळी झाली असती."

"बोटं," अक्का म्हणाल्या. एवढंच. मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "नुसतं तुझ्या सांगण्यावर मी काही मानणार नाही. तू मागंही सांगितलं होतंस."

हे लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

तपासायचा एक मार्ग होता. कवच जिथे पडतं तिथला गाळ त्याच्या पोटात भरतो. तो असतो कवचाहून कितीतरी बारीक, आणि त्यातही त्या-त्या काळातल्या तरंगणाऱ्या शेवाळाच्या चकत्या असतात. पोटातल्या गाळावरून कवच कुठल्या थरातलं ते ठरतं. पण त्यासाठी कवच फोडावं लागतं. जगात पाचच, म्हणून अक्कांनी ते कधी केलं नव्हतं.

त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. "तू फोड. तुझा हात हलत नाही."

दोनदा सुई बाजूला गेली. तिसऱ्यांदा टोक लागलं आणि कवच अगदी सहज मोडलं, भाजलेल्या पापडासारखं. आत पांढरं होतं. खडूसारखं पांढरं, तांबूस कण एकही नाही. अक्कांनी तो कण पाण्याच्या थेंबात फासून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि बघत बसल्या. एक विमान गेलं, दुसरं गेलं. पट्ट्याच्या वरच्या गाळात पोटात काय असायला हवं होतं ते त्यांना पाठ होतं.

"ये, बघ," त्या उठल्या. "ह्या गोल चकत्या दिसतात? जाडसर? ह्या खालच्या पांढऱ्यातल्या. वरच्या नमुन्यात एक सापडायची नाही." आवाज वर्गात शिकवल्यासारखा होता. "खालचेच आहेत. पट्टा कुणी ओलांडला नाही. तुझ्या चाळणीनं ओलांडवला."

"उरलेले चार बघायचे?"

"नको. मेलेल्याला किती वेळा मारायचं?"

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. लोक म्हणतात तसं. काहीही हलकं झालं नाही. जे माझ्या एकट्यावर होतं ते आता दोघांवर होतं, आणि त्यांच्या वयाच्या बाईवर.

कॉलेजच्या फाटकासमोर दर्शिनी होती. आत गेलो. अक्का गल्ल्यापाशी म्हणाल्या, "एरडु कॉफी." दोन कॉफी. दोन पूर्ण पेले आले, काठोकाठ. त्यांनी आपला उचलला आणि दुसऱ्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाठ नव्हती. रस्त्याकडे तोंड होतं. पेला संपवून आल्यावर म्हणाल्या, "तुला विचारलं ते शंका होती म्हणून. तू हो म्हणालास, मी शंका सोडली. मला सोडायचीच होती रे ती. पण तू हो म्हणालास."

मी म्हणालो, "उद्या पुण्याला जाऊ का मी?"

"नाही. उद्या तू समोर बसायचंस."

पुन्हा महादेवपुरा

रविवारी हॉल भरला होता. पुण्या-मुंबईची, नागपूरची पोरं-पोरी, काहींचे पाहुणे आलेले आईवडील. मागे मिसळीचा वास. अक्का त्या दिवशी फरशीवरून कशा चालत आल्या ते मी पाहिलं नाही, मी आधीच जाऊन बसलो होतो. पहिल्या रांगेत. शेजारी प्राजक्ता. तिला अक्कांनी काहीच सांगितलं नव्हतं.

अक्कांनी सगळं नेहमीसारखं सांगितलं. समुद्राच्या तळाशी पडत राहणारा चुन्याचा भुरभुर पाऊस. कवचाच्या चुन्यातून वाचता येणारी गरमी. पांढरा थर, तांबूस पट्टा, वरचा पांढरा. लोक ऐकत होते. एकानं झोपलेल्या मुलीला उठवून पडद्यावरचा फोटो दाखवला. मग त्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी कापड उचललं. टाळ्या झाल्या. त्यांनी पट्टीवर हात ठेवून ती झाकली.

"हे वाचले असं मी इतकी वर्षं सांगत होते. तुमच्यातल्या काहींना घरी येऊन सांगितलंय. हे वाचले नाहीत. काल कळलं. हे पट्ट्याखालचे आहेत, बाकीच्यांबरोबरच गेले."

कुणी खोकलं. प्राजक्ता माझ्याकडे बघून हसली, यात पुढे काही गंमत असावी असं.

मागून एक नागपूरकर उठला. "मॅडम, एक विचारू का? खालचे होते, तर वरच्या थरात आले कसे?"

अक्का म्हणाल्या, "त्याचं उत्तर इथं बसलेल्या माणसाकडं आहे. मोहन."

मी उठलो. माईक कुणीतरी हातात दिला. मी सांगितलं. चाळणी, निळा रंग, साखरपुडा, "हो". फार वेळ लागला नाही. मी सांगत असताना प्राजक्ताचं हसू उतरत गेलं, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. शेवटी कुणीतरी सवयीनं टाळी वाजवायला सुरुवात केली आणि एकटंच पडून थांबलं.

"म्हणजे कोणीच नाही वाचलं?" नागपूरकर अजून उभाच होता. त्याच्या स्वरात राग नव्हता. खरंच विचारत होता.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. हेही माझ्यावरच सोडलं होतं त्यांनी. काहीतरी बरं बोलावं असं मला फार वाटलं. इतर काही जाती तगल्या हे खरं आहे. पुढे समुद्र पुन्हा भरला हेही खरं आहे, पण दुसऱ्यांनी, आणि त्याला इतका काळ लागला की माणसांच्या पिढ्यांत तो मोजता येत नाही. पण त्यानं ह्यांच्याबद्दल विचारलं होतं.

"ह्यांच्यातलं कोणी नाही," मी म्हणालो.

मिसळ कुणी फारशी खाल्ली नाही. प्राजक्तानं मॉडेलवर पुन्हा कापड घातलं, पट्टी काढून उलटी करून टेबलावर ठेवली. ती माझ्याशी बोलली नाही. बोलणार नव्हतीच, मी तिची झोप घेऊन चाललो होतो. अक्का पिशवी घेऊन खाली उतरल्या, मी मागून. गाडी दाराबाहेर उभी होती. राजाजीनगरला आधी माझं सामान घ्यायचं आणि मग मला स्टेशनवर सोडायचं, असं सकाळी ठरलं होतं.

अक्का त्या बदामी फरशीवरून सरळ गेल्या. एका चक्रावर पाय, दुसऱ्यावर पाय, कुठेही न वळता, बाकीची माणसं जातात तशा. रखवालदारसुद्धा बघत राहिला.

मला ते जमलं नाही. मी प्रत्येक चक्राला वळसा घालत, खाली बघत निघालो. मधे दोन-तीन ठिकाणी वाटच नव्हती, मागे येऊन दुसरीकडून जावं लागलं. दाराशी पोचून वर पाहिलं तेव्हा गाडी निघून गेली होती.